दस्तगीर, ती चूल कुणी पेटवायची?

दस्तगीर, वाद अर्ध्यात सोडून उठायची तुझी सवय नव्हती. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी तू हात वर करायचास, "पावणं, दोन मिन्टं, हिला जरा हरवतो आन् आलोच," म्हणायचास. आणि आता बघ. सकाळी शटर वर केलंस, खुर्चीत बसलास, शेजारच्या पोराला चहा सांगितलास आणि चहा यायच्या आत गेलास. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. तुला नसेल झाला. आम्हाला होतोय.

त्या दिवशी तुमच्या घरी बायकांत बसले होते. तुझी कुणीतरी लांबची खाला माझ्या शेजारी होती. तिनं हळूच विचारलं, "तू ती वडगावची वैशाली न्हवं? कॉलेजापासनं ओळखीची? दर रविवारी वर गोदामात बसून काय खेळत हुता गं तुम्ही? पत्ते?" मी म्हटलं, पत्ते नाही खाला, गोष्टीचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. संकट आलं की काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं आणि जमलं का नाही ते फासा सांगतो. ती म्हणाली, "आन् जिंकतंय कोण?" कुणीच नाही. "मग खेळता कशाला?" त्या एवढ्या रडारडीत मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला म्हणून निभावलं, नाहीतर शाहूपुरीत माझी चांगलीच शोभा झाली असती. तू असतास तर खालाला खुर्ची देऊन नियम समजावत बसला असतास.

तसं म्हटलं तर आपण तिघंही ह्या खेळात शोभणारे नव्हतो. तू गॅसच्या शेगड्या आणि मिक्सर विकणारा. मी राजारामपुरीत बारावीच्या पोरांना अकाउंट्स शिकवणारी. अभ्या मेडिकलच्या दुकानात दिवसभर गोळ्यांची पाकिटं कापून देणारा. चाळिशी गाठलेली तीन माणसं शेगड्यांच्या खोक्यांवर बसून राक्षस मारतायत हे कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं. तुझी बायको, आमच्या शबानाभाभी, चहा घेऊन यायच्या तेव्हा दारातच थांबायच्या आणि म्हणायच्या, "मेला का तुमचा राक्षस? का उद्या शाळेत सुट्टी मागू?" शाळेतल्या बाई त्या, टोमणाही हजेरी घेतल्यासारखा मारायच्या.

खेळ आणला होता तुझ्या पुण्याच्या भाच्यानं. इंग्रजी पुस्तक, वीस तोंडांचा फासा, चित्रविचित्र नकाशे. तो आम्हाला शिकवत होता की मांत्रिकानं हात पुढं केला की आगीचा गोळा सुटतो आणि पलीकडची टोळी भाजून निघते. तू मध्येच त्याला थांबवलंस. "आग आली कुठनं?" तो म्हणाला, मामू, मंत्रातून. "मंत्रातनं म्हंजे? सिलिंडर कोण भरतंय?" भाचा बिचारा हरला. तू ते पुस्तक मिटलंस आणि म्हणालास, "फुकटात आग मिळत न्हाय. हे आपण आपल्या पद्धतीनं करू." तिथून तुझं ते सगळं राज्य सुरू झालं. नद्या, घाट, गावं, बाजार, सगळं मराठीत आणि सगळ्यांची तोंडं कोल्हापुरी. तुझा राक्षससुद्धा मरताना "आयला" म्हणायचा.

पण आगीचा मंत्र काही केल्या तुला जमत नव्हता. कितीतरी दिवस तो अडला होता. आग फेकायची तर ती यायची कुठून, आणि त्याबद्दल माणसानं द्यायचं काय? तू शेगड्या दुरुस्त करताना मला फोन करून विचारायचास आणि मी क्लासमध्ये पोरांसमोर "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवायचे.

मग तू माझ्या गाडीवर बसून वडगावला आलास, आमच्या आईची शेगडी बसवायला. तुला पुढं हातकणंगल्याला जायचं होतं, म्हणून नळी जोडलीस, बर्नर बघितलास आणि पिशवी उचललीस. आई म्हणाली, "विस्तव न्यायला आलायस व्हय रं? बस की." तू उंबऱ्यातच थांबलास. "म्हंजे काय हो काकू?" आईनं सांगितलं. तिच्या लहानपणी काडीपेटी जपून वापरायचे. सकाळी चूल पेटवायची तर शेजारच्या घरी जायचं, शेणीच्या तुकड्यावर त्यांच्या चुलीतला एक इंगळ, लाल निखारा, घ्यायचा आणि तडक घरी यायचं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोलत उभं राहिलं की इंगळाची राख झालीच. म्हणून विस्तव न्यायला आलेली बाई कधी बसत नाही, उभ्या उभ्या येते आणि जाते.

तुझी पिशवी खाली गेली. "आन् त्यो इंगळ परत द्यायचा का काकू?"

आई हसली. "इंगळ कोण परत देतंय बाबा? पर दुसऱ्या दिशी तिची चूल इझली तर ती आपल्यातनं न्हेती की. एकदा तिच्यातनं, एकदा आपल्यातनं. कुणाची आग कुठली, कुणाला म्हाईत."

तू त्या दिवशी हातकणंगल्याला गेलाच नाहीस. आईच्या हातचं जेवलास, दोन भाकरी जास्त खाल्ल्यास, आणि येताना गाडीवर मागं बसून मला सगळा मंत्र ओरडून सांगितलास. गाडी मी चालवत होते, वारा एवढा होता की निम्मं ऐकू आलं नाही. माझ्या आईची गोष्ट चोरलीस आणि मलाच पहिल्यांदा ऐकवलीस, तेही हेल्मेटवर टकटक करून.

मंत्राचं नाव तू ठेवलंस इंगळ. आग तयार करता येत नाही, आणावीच लागते. जवळात जवळ जी चूल, जो दिवा, जी शेकोटी असेल तिचं नाव घ्यायचं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नाव घेतलं की तिथली आग विझते आणि इंगळ होऊन तुमच्या तळव्यावर येतो. मग फेकेपर्यंत तोंड बंद. एक शब्द बोललात की हात भाजला. नेम धरायचा, फेकायचा. आणि सगळ्यात जाचक नियम शेवटचा: ज्याची चूल विझवली त्याच्याकडं स्वतः परत जायचं आणि स्वतःच्या हातानं ती पेटवून द्यायची. तोपर्यंत ती चूल दुसऱ्या कुणाच्या हातानं पेटत नाही.

तोंड बंद ठेवायचा नियम तू माझ्यावर डोळा ठेवून केलास हे मला तेव्हाच कळलं होतं. खेळातली माझी चिमाक्का म्हणजे ती सीमेकडची थोराड म्हातारी, नऊवारीचा काचा मारून आग फेकणारी. तिच्या हातात इंगळ आला की तू मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं विचारायचास. "चिमाक्का, पलीकडनं येतंय ते तुझ्या सुनेचं म्हायेरचं न्हवं?" आणि मी म्हणायचे, "अजिबात नाही." झालं. हात भाजला. अभ्या खोक्यावरून खाली पडेस्तोवर हसायचा. माझ्या म्हातारीचे दोन्ही तळवे भाजून भाजून पार काळे पडले होते.

आणि गुऱ्हाळ आठवतं का? कसं विसरशील, तुला आयुष्यभर पुरेल एवढं हसायला मिळालं त्यातून. आयुष्यच कमी पडलं, ते सोड. लुटारू मागं लागले होते, अभ्याचा सर्जा आणि माझी चिमाक्का उसातून पळत होतो. तू म्हणालास, समोर गुऱ्हाळ हाय, काहील चढलीय, चुलवाण धडधडतंय. पुण्यामुंबईच्या माणसानं काय केलं असतं माहीत नाही, पण आम्ही दोघं कोल्हापूरचे असून आमच्या डोक्यात उजेड पडला नाही. एवढी मोठी आग आयती समोर, मी ओरडले, "गुऱ्हाळाच्या चुलवाणातला इंगळ." फेकला. लुटारू पळाले. अभ्यानं टाळी दिली. मग तू शांतपणे विचारलंस, "काहिलीत काय हुतं?"

रस आटत आला होता. पाक यायच्या आत चुलवाण गार. अख्खी काहील वाया, गूळ धरणार नाही, काकवी म्हणूनही कुणी घेणार नाही. आणि मग तू तिथला गूळ करणारा गुळव्या झालास. बारीक डोळ्यांचा, डोक्याला पटका, हातात लांब दांड्याचं फावडं. "कोण हाय रं त्यो आग चोरणारा? म्हातारे, तुझ्या सात पिढ्यांनी गूळ खाल्लाय काय? ऊस तुझ्या बापानं लावलता?" तू थांबेचना. चहा झाला, गार झाला, परत आला, गुळव्या बोलतच होता. खाली गिऱ्हाइकाला वाटलं वर भांडण लागलंय. शबानाभाभी धावत आल्या तर तू खोक्यावर उभा राहून मला शिव्या घालत होतास आणि मी हात जोडून, "दादा, चुकलं, पेटवून देते," म्हणत होते. त्यांनी कपाळावर हात मारला आणि तिथंच दारात टेकल्या, शेवटपर्यंत ऐकायला.

चिमाक्कानं ते चुलवाण पेटवून दिलंच. पण गुळव्याचं तोंड काही बंद झालं नाही. नंतर कधीही त्या वाटेनं गेलो की तो फावडं घेऊन बाहेर यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. मला वाटतं, तुझ्या सगळ्या माणसांत तुझा सगळ्यात लाडका तोच होता.

अभ्याला हा परत जायचा प्रकार आवडायचा नाही. एक लढाई झाली की पुढचे दोन रविवार आपण लोकांच्या घरी जाऊन माफ्या मागत, चुली पेटवत, पिठलंभाकरी खात फिरायचो. कुंभारणीची भट्टी, धनगराची शेकोटी, पिराच्या माळावरचा दिवा, त्या बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी. "लेका दस्त्या, आपण लढाई करालोय का पावणचार?" अभ्या चिडायचा. तू भडंगाचा बकाणा भरून म्हणायचास, "आग फेकणं सोपं हाय. परत जाऊन दार वाजवणं अवघड. खेळ त्योच हाय." भडंगाचा मसाला त्या वीस तोंडांच्या फाशाला लागून लागून आकडे पिवळे पडले होते. मी किती वेळा सांगितलं, हात पुसत जा. तू शर्टाला पुसायचास.

आता एक गोष्ट सांगते, जी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. तू थट्टेवारी नेली असतीस म्हणून बोलले नाही. माझं लग्न मोडलं आणि मी राजारामपुरीत एकटीनं फ्लॅट घेतला तेव्हा जो तो मला समजावायला येत होता. कुणी म्हणालं जुळवून घ्यायचं होतंस, कुणी म्हणालं बरं झालं सुटलीस. मी क्लासवरून यायचे, पाव खायचे आणि झोपायचे. ओट्यावर शेगडीच नव्हती. तुला हे कुणी सांगितलं मला माहीत नाही. एका सकाळी तू आणि शबानाभाभी दारात. तुझ्या खांद्यावर खोकं, त्यांच्या हातात दूध आणि पातेलं. तू एक शब्द विचारला नाहीस. नळी जोडलीस, साबणाचं पाणी लावून गळती बघितलीस, शेगडी पेटवलीस. भाभींनी दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत आम्ही तिघंही त्या पातेल्याकडं बघत उभे होतो. दूध उतू गेलं, तू म्हणालास, "झालं, आता घर झालं," आणि खाली जाऊन गाडी सुरू केलीस. मला त्या दिवशी किती रडू आलं म्हणून सांगू. ती शेगडी अजून आहे, दस्तगीर. आज सकाळीही तिच्यावरच चहा केला. थँक्यू म्हणायचं राहून गेलं, ते आता म्हणते. हस हवं तर.

शेवटच्या बैठकीकडं यायलाच लागणार. मी टाळतेय, तुला कळलंच असेल.

गारठ्या येत होता. तुझा सगळ्यात मोठा राक्षस, ज्या गावातून जाईल तिथली ऊब पिऊन टाकणारा. नदीच्या अलीकडं एकच घर होतं आणि त्या घरात अभ्याचा सर्जा हिवानं काकडत पडला होता. चुलीची ऊब होती म्हणून जिवंत. दुसरी आग जवळपास कुठंच नाही. तू माझ्याकडं बघितलंस. मी अभ्याकडं बघितलं. अभ्या म्हणाला, "घे की. बघतीस काय." मी नाव घेतलं. "सर्जाच्या उशाच्या चुलीतला इंगळ." चूल विझली. मी नदीपर्यंत एक शब्द बोलले नाही, तू काय वाट्टेल ते विचारलंस, गुळव्याचा आवाजसुद्धा काढलास, तरी बोलले नाही. फासा टाकला. पिवळा पडलेला वीस आला.

तू उठून उभा राहिलास. "लागला. गारठ्या उभा पेटला." अभ्यानं मला मिठी मारली. आणि तू बोट वर केलंस. "पण."

पण काय?

"पण त्यो पडताना चिमाक्काला घेऊन पडला. नदीत. चिमाक्का गेली."

मी एवढी भांडले तुझ्याशी. माझी म्हातारी मेली म्हणून नाही, ते मला चालणार होतं, तिचं वय झालं होतं. मी विचारलं, मग ती चूल कुणी पेटवायची? नियम तुझाच. विझवणाऱ्याच्याच हातानं पेटणार. विझवणारी नदीत. आणि घरात सर्जा गार पडतोय. तू तुझ्याच नियमात अडकलास, कबूल कर. तू हसत होतास. "सांगतो की. गडबड काय हाय?" आत्ता सांग. "पुढच्या रविवारी." मी म्हटलं, तुला येत नाहीये उत्तर. तू जिना उतरता उतरता म्हणालास, "येतंय. तुलाबी येतंय. इचार कर जरा."

तो पुढचा रविवार आलाच नाही.

तिसऱ्या दिवशीची जियारत झाल्यावर अभ्या माझ्या क्लासच्या खाली येऊन उभा राहिला. गाडीवरून उतरलाही नाही. "वैशे, तू सांग गोष्ट. पुढं तू चालव." मी म्हटलं, वेडा आहेस का, हे दस्तगीरचं होतं. "मग माझं काय? मी तितं पडलोय की गार." तो चेष्टा करत होता आणि चेष्टा करता करता त्याचे डोळे भरले. चाळीस वर्षांचा बाप्या, मेडिकलचा पांढरा कोट घालून, राजारामपुरीच्या भर रस्त्यात. मी त्याला म्हटलं, मी खोटं उत्तर देणार नाही. काहीतरी जोडून तुला वाचवायचं आणि नियम मोडायचा, हे दस्तगीरला चाललं नसतं. मला तुझा भयंकर राग आला होता. उत्तर ठाऊक असून तू ते बरोबर घेऊन गेलास.

काल शबानाभाभींचा फोन आला. गोदामाची खोली रिकामी करायची आहे, दीरांना माल ठेवायला हवी, तुमचा पसारा घेऊन जावा. आम्ही दोघं गेलो. नकाशे गुंडाळले, फासे पिशवीत टाकले. काम लगेच झालं. तुझ्या राज्याला एक पिशवी पुरली.

भाभी दारात टेकल्या होत्या, नेहमीच्या जागी. त्यांच्या हातात ट्रे नव्हता, एवढाच फरक. म्हणाल्या, "चहा विचारत नाही. राग मानू नका. शेगडी पेटवली नाही अजून. नात्यातल्या लोकांनी डबे आणले तोवर आणले, आता दुकानातल्या इंडक्शनवर भागवतेय. सकाळचा पहिला चहा हेच करायचे. माझा हातच जात नाही तिथं."

मी पिशवीची गाठ मारली.

मग त्यांनी विचारलं, "त्या म्हातारीचं काय झालं पुढं?"

मी चमकले. भाभींनी आयुष्यात कधी फासा हातात धरला नव्हता. "तुम्हाला माहिती आहे?"

"एवढी वर्षं चहा कोण आणत होतं? रोज जेवताना आणि काय बोलायचे हे? ती नदीत पडली इथपर्यंत ठाऊक आहे. चूल कुणी पेटवली?"

"ते नाही सांगितलं त्यानं. आणि पेटणार नाही भाभी. ज्यानं विझवली त्याच्याच हातानं पेटते. नियम आहे."

"मग हात आहे की तिचा."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? एवढ्या लोकांच्या चुली पेटवत फिरत होता ना तुम्ही? ती कुंभारीण, तो धनगर, ती बाळंतीण. त्या सगळ्या चुली तिच्याच हातानं पेटल्यात. मग त्यातला इंगळ आणला तर तो कुणाच्या हातचा?" शाळेत फळ्यासमोर उभं राहून विचारावं तसं त्यांनी मला विचारलं. "तुमच्या आईनंच सांगितलं होतं की ह्यांना. एकदा तिच्यातनं, एकदा आपल्यातनं."

मी मनात सगळे नियम परत लावून बघितले. बसत होतं, दस्तगीर. नियमात चोख बसत होतं. आम्ही ज्याला पावणचार म्हणून नावं ठेवत होतो तो तू ह्यासाठी पेरत आला होतास आणि मला, हिशेब शिकवणाऱ्या बाईला, एवढी साधी बेरीज दिसली नाही.

भाभी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "तुमच्या घरची शेगडी कुणी पेटवून दिली होती, वैशालीताई?"

"दस्तगीरनं."

"मग उठा."

"भाभी, विस्तव राजारामपुरीतनं आणायचा म्हणजे..."

"हात आणलायसा की. पुरे तेवढा."

तुमच्या स्वयंपाकघरात गेले. अख्ख्या कोल्हापूरला शेगड्या विकणाऱ्या माणसाच्या घरातली शेगडी, आणि डावा बर्नर धड नाही. लायटर नुसताच टिकटिक करायला लागला. भाभी मागून म्हणाल्या, "तसं नाही, कॉक निम्माच फिरवायचा आणि काडी लावायची. दुरुस्त करतो, करतो म्हणत होते." पहिली काडी वाऱ्यानं गेली. अभ्यानं उठून खिडकी लावली. दुसरी काडी लावली आणि बर्नर भप्प करून पेटला. भाभींनी भिंतीला डोकं टेकलं आणि रडल्या, मोठ्यानं, इतक्या दिवसांत मी त्यांना तसं रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांना धरून उभी राहिले. अभ्यानं गुपचूप चहाचं आधण ठेवलं, साखर जास्त घातली.

चहा झाल्यावर मी पिशवी उचलली. भाभी म्हणाल्या, "बसा की. विस्तव न्यायला आल्यासारखं करू नका." बसले. तुला तसं म्हणायची सोय राहिली नाही आता. उभ्या उभ्या आलास तसा गेलास.

अभ्या कपात बघत होता. हळूच म्हणाला, "म्हंजे मी जगलो काय?"

भाभींनी माझ्याकडं बघितलं. पिशवीतून फासा काढावासा वाटला, पण ह्याला फासा लागत नाही. मी कप खाली ठेवला.

"सर्जा," मी म्हटलं, "तुला नीट दिसत नाहीये. डोळ्यांवर धुकं आलंय. पण दार उघडलंय आणि दारात कोणतरी उभं हाय. डोक्याला पटका. बारीक डोळे. हातात शेणीचा तुकडा, त्याच्यावर लालबुंद इंगळ. लांबनं चालत आलाय, धाप लागलीय."

अभ्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. "गुळव्या? आयला, त्यो आला?" मग त्याला शंका आली. "काय म्हणतोय? शिव्या घालत असणार की."

"न्हाय," मी म्हटलं. "काहीच बोलत न्हाय त्यो. हातात इंगळ हाय."